मयताचे कपडे नेसलेलं शिष्टमंडळ

टच्! एवढासा आवाज झाला आणि दुपारची शांतता फुटली. माझी लेक न्हिरा उठली होती. पाण्याच्या पाउचचा कोपरा दातांनी फोडून ती पीत होती, निम्मं तोंडात, निम्मं उशीवर. चार वर्षांची ही बाई झोपली की मला लिहायला तासभर मिळतो. आज वीस मिनिटं मिळाली. असो. तिच्या हातातला तो पाउच अजून बाजारात आहे, त्यात थोडा वाटा माझाही आहे. चुकून का असेना.

आमच्या कुमासी शहरात मॅडम फोसुआंचा पाउच-पाण्याचा कारखाना आहे. तिथं मी हिशेब बघते, आणि सगळ्या कारखानदारांच्या संघटनेची चिटणीसही मीच. सरकारनं पाउचवर अबकारी कर आणायचं ठरवलं. कर पाउचमागे पाच पेसेवा (शंभर पेसेवांचा एक सेडी), आणि आम्हाला सुटत होते तीन. म्हणजे जितकं विकू तितकं बुडू. चौदा बायका, दोन यंत्रं आणि मी, सगळ्यांनाच घरी बसावं लागलं असतं.

"रडून काही होत नाही," मॅडम म्हणाल्या. "राजधानीत, आक्राला जाऊ, संसदेच्या समितीपुढे बोलू. तयारी तू कर, आफ्रिये."

केली ना. निवेदन टाइप केलं, तक्ते जोडले, बस ठरवली. अशी तयारी कुमासीत आजवर कुणी केली नसेल, असं दोन दिवस मी स्वतःलाच सांगत होते. शेवटी सभासदांना निरोप धाडला: निषेध म्हणून लाल कापड नेसून या.

आता आमच्याकडे घरात लाल कापड कशासाठी ठेवलेलं असतं? मयतासाठी!

शुक्रवारी सकाळी अकराच्या अकरा कारखानदार लाल-काळ्या वस्त्रांत बसपाशी हजर. सगळ्यांत वडीलधारे वोफा बाडू, म्हणजे आमचे बाडूमामा, त्यांनी तर कपाळाला लाल पट्टीही बांधली होती. ती सख्खं माणूस गेल्यावरच बांधतात.

"वोफा, हे काय?"

"तूच म्हणालीस लाल. माझ्याकडे हेच लाल आहे. सासूबाईंच्या वेळचं, धुऊन ठेवलेलं."

मॅडमनी मला एकदा वरपासून खालपर्यंत पाहिलं. "चला. बदलायला वेळ नाही."

संसदेच्या फाटकावर पहारेकऱ्यानं टोपी काढली. आतला कारकून आवाज खाली आणून म्हणाला, "फार वाईट झालं. बसा." त्यानं भिंतीलगत एका ओळीत खुर्च्या मांडल्या. आम्ही टेकतो न टेकतो तोच कचेरीतली माणसं, मयताघरी करतात तशी, उजवीकडून एकेकाशी हात मिळवत निघाली. मी तोंड उघडणार, तेवढ्यात एका बाईंनी डोळे पुसत माझ्या हातात वीस सेडी ठेवले आणि त्या तिथंच थांबल्या. मयताला मदत दिली की पावती घ्यायची, ही आमची रीत. माझ्या मांडीवर संघटनेच्या वर्गणीचं पावतीपुस्तक होतं. सवयीचा हात. मी पावती फाडली.

झालं! एक फाटल्यावर रांगच लागली. कर बसवायला निघालेली कचेरी, कर नको म्हणून आलेल्यांनाच वर्गणी देत होती, आणि मी 'आभारी आहोत' लिहीत होते.

तेवढ्यात समितीचे अध्यक्ष क्वार्शी आले. हात मिळवत मिळवत मॅडमपर्यंत पोचले. "मॅडम, गेलं कोण?"

वोफा छताकडे बघू लागले. मला पावतीपुस्तक गिळावंसं वाटलं.

मॅडम सावकाश उठल्या, खांद्यावरचं कापड सारखं केलं. "अजून कुणी नाही, साहेब. आजारी घरी आहे. पाउचमागे तीन पेसेवा खाऊन जगतो, तुम्ही पाच मागताय. मयताची तारीख घरच्यांनीच ठरवायची असते, आणि इथं घरचे तुम्ही. तेवढी सांगा. कपडे आम्ही आधीच नेसून आलोय."

क्वार्शींचे खांदे हलू लागले, मग पोट. हसून झाल्यावर म्हणाले, "निवेदन आणलंय?"

आणलं होतं. पण ते उघडावं लागलंच नाही. दीड तास क्वार्शी आकडे विचारत होते आणि मॅडम तोंडपाठ सांगत होत्या. डोक्यावर टोपलं घेऊन गार पाणी विकत मोठी झालेली बाई. कुठला पेसेवा कुठं जातो हे तिला कागद सांगणार?

महिन्याभरात कर पुढच्या अर्थसंकल्पापर्यंत लांबला. चौदाजणी कामावर राहिल्या. फक्त लेखापरीक्षक विचारतोय, संसदेतून आलेले दोनशे ऐंशी सेडी कुठल्या खात्यात दाखवायचे? "औषधपाणी लिही," मॅडम म्हणाल्या.

ओली उशी उलटवता उलटवता मी हे सगळं न्हिराला सांगितलं. पाउच पिळून शेवटचा थेंब काढत ती ऐकत होती. पुढचा अर्थसंकल्प नोव्हेंबरात आहे.

"आई," ती म्हणाली, "मॅडमच्या घरचा तो आजारी, तो बरा झाला का?"