सासूबाईंसाठी गार हवा

"उद्या दुपारी आईला डोळ्याच्या ऑपरेशननंतर दवाखान्यातून घरी आणायचंय," बायको म्हणाली. "डोळ्यात धूळ जाता कामा नये, घामाचा थेंब उतरता कामा नये, असं डॉक्टरांनी बजावलंय. टॅक्सी सांगू का?"

"घरात गाडी असताना टॅक्सी?" जावई दुखावला.

"त्या गाडीचा एसी चालतो का?"

"चालतो म्हणजे... वारा येतो."

"वारा खिडकी उघडली तरी येतो."

गाडी मुळात सासऱ्यांची. त्यांनी गाडी चालवणं सोडलं आणि किल्ली जावयाच्या हातात ठेवली, तेव्हा सासूबाई एवढंच म्हणाल्या होत्या, "नीट सांभाळाल ना?" त्या प्रश्नाचं उत्तर त्यांना अजून मिळालेलं नाही, असं जावयाला तेव्हापासून वाटत होतं. उद्या ते देण्याची संधी होती.

एसी गार करत नाही म्हणजे गॅस संपला, हे मोबाइलवर एका हसतमुख माणसाने त्याला समजावलं. जावयाने गॅसचे डबे, नळी आणि गॅसचा दाब दाखवणारं काट्याचं घड्याळ आणलं. इंजिन चालू केलं, नळी जोडली, डबा हलवला. काटा हिरव्या पट्ट्यात आला. गाडीत बसून त्याने एसीच्या जाळीसमोर हात धरला. हवा कोमट होती. आजारी माणसाला आंघोळीला द्यावं त्या पाण्यासारखी.

हसतमुख माणूस म्हणत होता, हिरव्यावर थांबा. पण जावयाला वाटलं, सासूबाईंसाठी करायचं तर हात आखडता कशाला घ्या? त्याने दुसरा डबा रिकामा केला. काटा लाल पट्ट्यात गेला, पुढून टक् टक् असा आवाज आला आणि कॉम्प्रेसरने मान टाकली. आता हवा कोमटही राहिली नाही. चक्क गरम झाली.

दुसऱ्या दिवशी सकाळीच तो एसीवाल्याच्या दारात उभा होता. एसीवाल्याने मशीन जोडलं आणि काट्याकडे बघून कपाळाला हात लावला.

"साहेब, गॅस भरलाय की कोंबलाय?"

"थोडा जास्त झाला का?"

"थोडा? आणखी भरला असता तर गाडी उडाली असती. फुग्यासारखी."

त्याने सगळा गॅस काढला आणि मोजून पुन्हा भरला. कॉम्प्रेसर शहाण्यासारखा चालू लागला. "पाइपाला हात लावून बघा!" जावयाने लावला. पाइप बर्फासारखा गार होता. दोघे आनंदाने आत बसले. जाळीतून पुन्हा तीच कोमट हवा आली.

एसीवाल्याने थंड-गरमचं बटण इकडून तिकडे फिरवलं. बटण आज्ञाधारकपणे फिरलं. हवा तशीच. मग त्याने फिल्टर उपसला. त्यात वाळकी पानं, धूळ आणि सासूबाईंची एक केसांची पिन सापडली. सफाईनंतर कोमट हवा दुप्पट जोराने येऊ लागली.

"डॅशबोर्ड खोलायला लागेल," एसीवाला म्हणाला. "गाडी परवा घेऊन जा."

"अहो, मला सासूबाईंना आणायचंय. आत्ता!"

एसीवाल्याने सहानुभूतीने बघितलं. "मग खिडक्या उघड्या ठेवा."

खिडक्या उघडायच्या नव्हत्या, हाच तर सगळा घोळ होता.

दवाखान्यातून सासूबाई काळा चष्मा लावून आल्या. एका डोळ्यावर पट्टी होती. त्या मागे बसल्या, सासरे पुढे. काचा वर गेल्या आणि पहिल्या सिग्नललाच गाडीची भट्टी झाली. समोरच्या आरशात जावयाला सासूबाईंचं कपाळ दिसत होतं. त्यावर एक थेंब जमला होता. तो अजून भुवईच्या वर होता, पण त्याची दिशा चांगली नव्हती.

"आई, रुमाल..."

"आहे हातात. तुम्ही पुढे बघा, जावईबापू."

सासरे चुळबुळत होते. एकदा त्यांनी जाळीपुढे हात धरला, मग स्टिअरिंगच्या खाली वाकून बघितलं, मग गुन्हेगारासारखे सरळ बसले.

"जरा गाडी बाजूला घ्या," ते हळूच म्हणाले. "एक तार सोडायची राहिलीय."

"कसली तार?"

"मी बांधली होती. आतल्या गरम हवेच्या झडपेला. अर्धी उघडी राहावी म्हणून."

जावयाने गाडी झाडाखाली उभी केली.

"गार हवेने हिला शिंका यायच्या," सासऱ्यांनी खुलासा केला. "तसं म्हटलं असतं, तर मला गारवा मिळावा म्हणून ही सरळ शालच घेऊन बसली असती. म्हणून गुपचूप थोडी ऊब मिसळली."

"मला शिंका एसीने यायच्या?" मागून आवाज आला. "आरशाला ती वासाची बाटली टांगली होतीत ना, तिने यायच्या!"

"मग सांगायचंस की!"

"हौसेने आणली होतीत. कसं सांगणार?"

"आणि इतकी वर्षं उकडत होतं, ते?"

"मला वाटलं, तुम्हालाच गारवा सोसत नाही. वय झालं यांचं, म्हटलं. बसले गप्प."

"मी घामाने भिजायचो, अगं!"

"मग मी काय कोरडी होते?"

जावई पेडलपाशी डोकं घालून, खालचं झाकण काढून गंजलेली तार सोडवत होता. तार सुटली. झडप मिटली. जाळीतून गार हवेचा असा झोत आला, की सासऱ्यांचे उरलेसुरले केस उभे राहिले. आरशातला तो थेंब भुवईपर्यंत पोचला होता. तिथेच सुकला.

सासूबाईंनी सुस्कारा सोडला. "गाडी अगदी नीट सांभाळलीत हो, जावईबापू."

आपण गाडीत काय काय कोंबलं, हे सांगण्याची ती वेळ नव्हती. त्याने गाडी घराकडे वळवली.

घरासमोर त्याने मागचं दार उघडलं. सासूबाई जागच्या हलल्या नाहीत. सासरे पुढून उठून मागे त्यांच्या शेजारी जाऊन बसले.

"दार लावा," सासूबाई म्हणाल्या. "गारवा जातोय."

जावयाने दार लावलं आणि तो रणरणत्या उन्हात उभा राहिला. तेवढ्यात वरून बायकोचा फोन आला.

"गाडी दिसतेय खाली. आई कुठेय? एसी परत बिघडला का?"

"नाही," घाम पुसत, काचेतून आत बघत तो कृतार्थपणे म्हणाला. "चालतोय. म्हणूनच उतरत नाहीयेत."