पोट आतलं की बाहेरचं

हृदय, यकृत, मूत्रपिंड हे माणसाचे खाजगी अवयव होत. पोट मात्र सार्वजनिक आहे. त्याच्याविषयी कोणीही, कुठेही, मालकाला न विचारता मत देऊ शकतो, आणि त्या मतावर अपील नाही. ही गोष्ट शाळेच्या पुस्तकात नसल्यामुळे तापीकाठच्या एका गावातल्या हेमकांतआप्पांना ती पन्नाशी उलटल्यावर, सारंगखेड्याच्या भर यात्रेत कळली.

आप्पा म्हणजे केळी-पपईचे बागायतदार, सोसायटीचे माजी चेअरमन आणि अंगाने ‘भरलेले’ (हा शब्द त्यांच्या पत्नी यामिनीबाईंचा; गावात दुसरे प्रचलित होते). घोड्यांच्या यात्रेला ते दरवर्षी जात. घोडा घ्यायला नव्हे. यात्रेत घोडा घेणारे थोडे, घोड्याचे दात बघून मान हलवणारे जास्त, आणि आप्पांचा वर्ग त्याहून वरचा. ते एखाद्या देखण्या घोड्यावर बसत, फोटो काढून घेत आणि “चाल जरा कमी वाटस” असं म्हणून उतरत.

या वर्षी परराज्यातल्या एका व्यापाऱ्याने पांढऱ्या घोडीचा लगाम सोडलाच नाही. त्याने आप्पांना डोक्यापासून मध्यापर्यंत न्याहाळलं (त्याखाली जाण्याची त्याला गरज वाटली नाही) आणि अदबीने म्हणाला, “सेठजी, देखिए आराम से. बैठिए मत. बच्ची है अभी.”

तो उद्धट नव्हता, हेच वाईट झालं. शिवी दिली असती तर भांडता आलं असतं. शिवाय आप्पांचे व्याही उमाकांत शेजारीच उभे होते. शेवग्याच्या शेंगेसारखा माणूस. ते त्याच घोडीवर टुणकन बसले, त्यांचा फोटो निघाला, नातेवाइकांच्या ग्रुपवर पडला आणि फोटोच्या कडेला कोणाचं तरी अर्धं पोट आलं. कोणाचं, हे एकानेही विचारलं नाही.

घरी येऊन आप्पांनी मोबाइलवर ‘पोट’ हा विषय उघडला. मोबाइलला त्यांची अडचण कळताच त्याने कांद्याचे भाव, भजनं वगैरे दाखवणं थांबवलं आणि लिपोसक्शन नावाचा उपाय लावून धरला. कातडीला बारीक छिद्र पाडायचं, नळी घालायची, यंत्र सुरू करायचं आणि चरबी ओढून घ्यायची.

आप्पांना हे वाचताक्षणी पटलं. तापीकाठच्या शेतकऱ्याला पाइप टाकून काहीही ओढता येतं याबद्दल शंका नसते. त्याचा जन्म मोटरी आणि पाइप यांच्यातच गेलेला असतो. पथ्य आणि व्यायाम हे कोरडवाहू उपाय. हा बागायती होता.

सुरतेला जाऊन हे करून घेण्याचा बेत त्यांनी फक्त मित्राला, गुलाबसिंगला सांगितला आणि कोणाला सांगू नको म्हणून बजावलं. गुलाबसिंगने शब्द पाळला. त्याने कोणालाही सांगितलं नाही. फक्त प्रत्येकाचं मत विचारलं.

त्यामुळे लिपोसक्शन करण्यापूर्वी काय माहीत असावं, याची सगळी माहिती गावात दोन दिवसांत गोळा झाली. गुलाबसिंगच्या साडूच्या ओळखीतल्या एकाने अंकलेश्वरला पोटाची चरबी काढवली होती, ती मानेत निघाली आणि आता त्याच्या सदऱ्याचं वरचं बटन लागत नाही. दूध डेअरीवर यंत्र किती हॉर्सपॉवरचं असतं यावर चर्चा झाली आणि साडेसातच्या खालचं आप्पांना चालणार नाही, यावर एकमत झालं. भावकीतल्या कौसाबाईंचा प्रश्न मूलभूत होता. “काढेल चरबी परत देतस का? घरना तूपनी शे ती.” थोडक्यात, बातमी शंभर टक्के लोकांना ठाऊक होती आणि शस्त्रक्रिया शून्य टक्के लोकांना. या दोन आकड्यांत गावाला काही विसंगती दिसली नाही.

यामिनीबाईंना ही बातमी पिठाच्या गिरणीवर कळली. त्यांनी रात्रीचं ताट वाढेपर्यंत दम धरला.

“सुरतले कसाले जाई ऱ्हायनात?”

“चेतनाले भेटाले.” चेतना ही त्यांची मुलगी, सुरतेला दिलेली.

“मंग पोटनं काय?”

“ते बी येई ना संगे.”

यामिनीबाई हसल्या नाहीत. “गिरणीवर सांगतस, बेसुद्ध करतस. काही व्हयनं त? एक घोडीसाठे?”

“घोडीसाठे नही.”

“मंग कोनासाठे?”

अडचणीचा प्रश्न आला की आप्पा अर्धी भाकरी जास्त घेत. त्यांनी ती घेतली.

“मी बी येसू,” यामिनीबाई म्हणाल्या आणि तूप मात्र वाढलं नाही.

सुरतेचं ते क्लिनिक कोणाच्याही मनात आपल्या शरीराविषयी शंका निर्माण होईल इतकं स्वच्छ होतं. भिंतींवर सपाट पोटांची चित्रं होती. त्या पोटांना वर डोकी नव्हती. कदाचित डोकं असलेली माणसं तिथवर आली नसावीत. बाकावर आप्पा मध्ये, एका बाजूला यामिनीबाई, दुसऱ्या बाजूला चेतना. आरोपी आणि दोन पोलीस, असं कोणाला वाटलं असतं तर त्याचा दोष नव्हता.

सर्जन एक तरुण बाई निघाल्या. माहेर शिरपूरकडचं, त्यामुळे बोलणं मराठीत झालं, आणि आप्पांची पहिली पळवाट (भाषा समजत नाही) बंद झाली. बाईंनी शांतपणे सांगायला सुरुवात केली. ही शस्त्रक्रिया वजन उतरवण्यासाठी नसते. (आप्पांनी चेतनाकडे पाहिलं. चेतनाने भिंतीकडे.) कातडीखाली एखाद्या जागी हट्टाने बसलेली चरबी काढण्यासाठी असते. वजन काही महिने एका जागी स्थिर हवं. (आप्पांचं स्थिर होतं, पण पुढे जाण्याच्या दिशेने.) तंबाखू आधी बंद. रक्तदाब, साखर तपासायची; रक्त पातळ करण्याची गोळी चालू असेल तर लपवायची नाही. नंतर कित्येक आठवडे घट्ट पट्टा बांधायचा. सूज उतरायला महिने लागतात. कातडी सैल पडू शकते, गुठळी किंवा जंतुसंसर्ग होऊ शकतो. आणि खाणं पूर्वीसारखंच ठेवलं, तर चरबी दुसरी जागा शोधते.

“गुलाबसिंग खोटं नही सांगे,” आप्पा पुटपुटले.

“खाता काय तुम्ही?”

“साधंच. कळण्यानी भाकर.”

“आनि?” यामिनीबाईंनी विचारलं.

“भरीत.”

“भरीतवर?”

“तेल,” आप्पा म्हणाले. यापुढची चौकशी डॉक्टरीणबाईंनी आवाजावरून ओळखली आणि थांबवली.

मग तपासणी झाली. आप्पा टेबलावर आडवे झाले. परक्या बाईसमोर सदरा वर करण्याची त्यांच्या आयुष्यातली ही पहिलीच वेळ, म्हणून त्यांनी डोळे मिटून घेतले. डॉक्टरीणबाईंनी पोटाची कातडी चिमटीत धरून पाहिली. डावीकडे, उजवीकडे, मध्ये. चिमटीत आलं ते पापुद्र्याएवढं. बाकीचं पोट पिकल्या कलिंगडासारखं टणक, बोटांना दाद न देणारं.

आणि इथे बाईंचं माहेर बोललं. “आप्पा, हाई पोट मन्हा हातमा येत नही.”

“म्हंजे?”

“हे कातडीखालचं नाही. आतलं आहे. आतड्यांभोवतीचं. तिथे माझी नळी जात नाही.”

“मोठी टाका. मन्ही ना नही.”

“तिथे आतडी आहेत, आप्पा.”

मग चेतनाने विचारलं, “म्हणजे ते जाणारच नाही?”

“जातं की. उलट हेच आधी जातं. रोज तासभर चालायचं, ताट निम्मं करायचं. फुकट काम आहे.”

आप्पांचा चेहरा पडला तो ‘फुकट’ या शब्दावर. गाडीचं आरक्षण, जावयाची रजा, गावाचं एकमत, एवढं सगळं जुळवून आलेल्या माणसाला चालायला सांगणं म्हणजे दारातूनच परत पाठवणं. लग्नाच्या वरातीला एसटीचं वेळापत्रक सांगावं तसं.

त्यांची समजूत काढण्यासाठी डॉक्टरीणबाईंनी एक उदाहरण दिलं. “ऑपरेशन कोणाचं होऊ शकतं? आता काकूंचंच बघा. समजा वजन वर्षानुवर्षं तेच, बीपी नाही, तंबाखू नाही, पोट मऊ, कातडीखालचं.” त्यांच्या मनात काही नव्हतं. पण उदाहरण समोरच्या खुर्चीवर बसलेलं असलं की ते उदाहरण राहत नाही. यामिनीबाईंनी पदर पुढे ओढून घेतला. त्या सोबत म्हणून आल्या होत्या. परत निघाल्या त्या पोट घेऊन.

नंदुरबारच्या गाडीत नवापूर मागे पडेपर्यंत आप्पांनी दोनदा चहा विचारला, एकदा भजी. दोन्हींना “नको.”

इकडे गावात डॉक्टरांचा निकाल आप्पांच्या आधी पोचला (चेतनाने फोन फक्त गावातल्या आपल्या चुलतीला केला होता) आणि त्याचा फार चांगला परिणाम झाला. पोट आतलं की बाहेरचं, हे चिमटीने कळतं, हे ज्ञान गावाला नवीन होतं. डेअरीवर, पारावर, सोसायटीच्या ओट्यावर माणसं सदरे वर करून एकमेकांना चिमटे काढू लागली. बघता बघता आतल्या पोटाला प्रतिष्ठा आली. ज्याच्यावर सुरतेच्या डॉक्टरचाही इलाज चालत नाही ते खानदानी. बाहेरचं ते उपरं, कोणीही नळी घालून न्यावं असं. गुलाबसिंगचं बाहेरचं निघालं. तो आठवडाभर पाराकडे फिरकला नाही.

आप्पांचा मान वाढला, पण त्यांचं लक्ष घरात होतं. यामिनीबाई कपाटाच्या आरशासमोर उभ्या राहू लागल्या होत्या. आधी समोरून, मग बाजूने.

“काय देखी ऱ्हायनी?”

“काही नही.” मग थोड्या वेळाने, “डॉक्टरबाई सांगे ते खरं शे का? मन्हं पोट…”

“तुन्हा पोटले काय धाड भरनी?” आप्पा एकदम तापले. “भलती चांगली शे तू.”

लग्न झाल्यापासून त्यांनी बायकोला असं काही म्हटल्याची नोंद कोणाच्याच आठवणीत नाही. त्यांचे त्यांनाच कान गरम झाल्यासारखे वाटले. यामिनीबाई वळल्या नाहीत. आरशातूनच त्यांनी विचारलं,

“मंग तुम्हना पोटले काय धाड भरेल व्हती?”

भाकरी जवळपास नव्हती. आप्पा उभेच राहिले.

“माले घोडीवर बठनारा नको,” त्या हळूच म्हणाल्या. “संध्याकायले ओटावर बठेल दिसना म्हंजे बस.”

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या चपला घालून तापीच्या पुलाकडे चालायला निघाल्या. आप्पा मागोमाग गेले. प्रकृतीसाठी नव्हे, बायको एकटी फिरताना दिसली तर भांडण झालं का म्हणून लोक विचारतील, यासाठी. लोकांच्या भीतीने सुरू झालेलं कोणतंही काम नियमाने चालतं, तसं हेही चाललं. ताटाचा आकार यामिनीबाईंनी न सांगताच बदलला. होळीपर्यंत आप्पांच्या पट्ट्याला नवं भोक पाडावं लागलं. खानदानी पोट, पण निमूटपणे गेलं.

गावाने या घटनेचा शास्त्रशुद्ध विचार केला. चालून पोट जातं, हे कोणालाच पटलं नाही. ज्या अर्थी आप्पा रोज चालतात, त्या अर्थी ऑपरेशन झालेलं आहे, कारण ऑपरेशननंतरच डॉक्टर चालायला लावतात. ज्या अर्थी ते नाकारतात, त्या अर्थी ऑपरेशन मोठं झालेलं आहे. “मी निस्ता चालस,” आप्पा शपथेवर सांगत, आणि लोक समजूतदारपणे डोळे मिचकावत. सध्या गावातून त्या क्लिनिकला आठवड्याला पाच-सहा फोन जातात. पुलाकडे मात्र अजून दोघंच असतात.

लिपोसक्शनपूर्वी माहीत असावं ते एवढंच. वाचकांनी गावाला हसायला हरकत नाही. फक्त त्याआधी उजव्या हाताची चिमूट पोटावरून काढावी. किती आलं ते आम्ही विचारत नाही.