पुंजाबाबांची वाट लागली

मुलांनो, डोळे मिटा आणि एक टेकडी मनात आणा. अगदी बोडकी. डोक्यावरून वस्तरा फिरवावा तशी. पाऊस पडला की पाणी तिच्यावरून घसरगुंडी करत खाली जायचं आणि जाताना थोडी माती बरोबर न्यायचं. आता त्या टेकडीवर झाडं लावा. कडुनिंब लावा, करंज लावा, शिसव लावा, मधूनमधून सीताफळं लावा. लावलीत? फार लवकर लावलीत बुवा! हे काम करता करता पुंजाराम नावाच्या माणसाच्या मिशा काळ्याच्या पांढऱ्या झाल्या होत्या. आता झाडांमधून वर चढणाऱ्या तीन पाऊलवाटा काढा. फार रुंद नकोत. दोन माणसं समोरासमोर आली तर एकानं थोडं अंग चोरावं, एवढ्याच.

उघडा डोळे. ही सावरटाकळीची बोडकी टेकडी. अंबडहून कुंभार पिंपळगावच्या रस्त्याला लागलं की डाव्या हाताला दिसते. झाडांनी गच्च भरली तरी गावानं तिचं नाव काही बदललं नाही. बोडकी ती बोडकीच.

साल असेल चौऱ्याण्णव. गावानं ठरवलं की या तीन वाटांना, ज्यांनी टेकडी राखली त्यांची नावं द्यायची. पहिलं नाव पुंजाबाबांचं. दिवसभर काठी घेऊन ते टेकडीवर फिरत आणि एक शेळी आत येऊ देत नसत. दुसरं झुंबरबाईंचं. उन्हाळ्यात विहिरीवरून डोक्यावर घागरी नेऊन त्यांनी रोपं जगवली होती. तिसरं कमरोद्दीनचाचांचं. गावात सर्वांत जास्त शेळ्या त्यांच्या, आणि सर्वांत आधी त्यांनीच त्या दावणीला बांधून चारा विकत आणला होता.

"तिन्ही पाट्या एकाच दिवशी लावून टाकू," कोणीतरी म्हणालं.

"बिलकुल न्हाई!" सरपंच काकासाहेब म्हणाले. त्यांना भाषणाची फार हौस. "एका दिवसात तीन वाटा उरकल्या तर पुढच्या दोन रविवारी मी काय करू?"

म्हणून तीन रविवार ठरले. पाटी रंगवायचं काम बेबीनंदाकडं आलं. ती पाचवीत होती. तिचं अक्षर इतकं वळणदार की गावातल्या लग्नपत्रिकांवर पत्ते तीच लिहायची. काकासाहेबांनी सांगितलं होतं, 'पुंजाराम मार्ग' लिही. बेबीनंदानं लिहिलं 'पुंजाराम वाट'.

"मार्ग कामून न्हाई लिहिलं गं?" काकासाहेबांनी विचारलं.

"मार्गावरून मोटारी जातात, काका. हितून पाय जातात. पायाची असती ती वाट."

काकासाहेबांनी डब्यात डोकावून पाहिलं. निळा रंग संपला होता. पाटी तशीच राहिली.

सगळं ठीक होतं. फक्त पुंजाबाबांचा चेहरा उतरलेला होता. ते बेबीनंदाच्या शेजारीच राहायचे, एकटेच. ती त्यांना पाटी दाखवायला गेली तेव्हा त्यांनी नावावरून बोट फिरवलं आणि म्हणाले, "लय झ्याक झाली बाय. पण वाचणारं माणूस यायचं न्हाई."

ते माणूस म्हणजे त्यांची एकुलती एक लेक, सगुणाबाई. तिला कुंभार पिंपळगावला दिलेली. तीन वर्षांपूर्वी जावई धर्मराज सासुरवाडीला आला आणि बैल मोकळे सोडून जेवायला बसला. बैल थेट टेकडीवर. त्यांनी शिसवाची कोवळी रोपं मिटक्या मारत खाल्ली. पुंजाबाबांनी काय करावं? बैल धरले आणि नेऊन कोंडवाड्यात घातले. जावयाचे बैल! कोंडवाड्यात! जावई अजून पुरणपोळीच्या दुसऱ्या घासावर होता.

धर्मराज ताटावरून उठला. बैल सोडवले, बायकोला गाडीत बसवलं आणि जाताना ओरडून म्हणाला, "ह्या झाडांपायी एक दिवस तुमची वाट लागंल, मामा! तव्हाच मला बोलवा!"

तेव्हापासून लेक आली नव्हती. मागच्या बाजाराला निरोप धाडला होता, नामकरण आहे म्हणून. "वाटंला नाव द्यायला काय ती तान्हं लेकरू हाय?" जावयाकडून एवढंच उत्तर आलं होतं.

"लेक यायची नसंल तर मला पाटीबी नको," पुंजाबाबा म्हणाले.

हे ऐकून बेबीनंदाला रात्रीची भाकर गोड लागली नाही. शनिवारी पिंपळगावचा बाजार होता आणि कमरोद्दीनचाचा चारा आणायला निघाले होते. ती धावतच त्यांच्याकडं गेली.

"चाचा, सगुणाआत्याला परत निरोप सांगा. नामकरण बिमकरण म्हणू नका. साधं सांगा."

"साधं म्हंजे कसं?"

बेबीनंदानं विचार केला. "सांगा, तुमच्या बाबांची वाट लागून राह्यली उद्या. सकाळी जल्दी या."

चाचांनी तो निरोप दोनदा पाठ म्हणून दाखवला.

आता पुढं जे झालं त्यात चाचांची काही चूक नव्हती. चूक असलीच तर काळ्यापिवळ्या जीपची. बाजार आटोपून चाचा परतीच्या जीपमध्ये बसले. आत माणसं, टपावर चारा. जीप सगुणाबाईच्या दारावरून जाऊ लागली. ती अंगणात ज्वारी पाखडत होती. चाचांनी अर्धं अंग बाहेर काढलं आणि ओरडले, "सगुणाबाई! तुमच्या बाबाची वाट लागून राह्यलीऽऽ..." तेवढ्यात जीपनं गियर बदलला आणि 'उद्या' हा शब्द घर्रर्र करून गिळून टाकला. पुढचं मात्र स्पष्ट ऐकू आलं, "...जल्दी याऽऽ!"

सगुणाबाईच्या हातून सूप पडलं.

धर्मराज शेतातून आला तेव्हा ती डोळ्याला पदर लावून बसलेली. ऐकल्यावर तोही मटकन खाली बसला. "वाट लागली म्हणून बोलवलंय?" तो पुटपुटला. "मी रागात बोललो होतो गं. खरं व्हावं म्हणून न्हाई."

तो तसाच एसटीडी बूथवर गेला. अंबडला भाऊ होता बद्रीनाथ, एका वकिलाकडं कारकून. जालन्याच्या एमआयडीसीत पुंजाबाबांचा पुतण्या होता संपत, लोखंडाच्या रोलिंग मिलमध्ये कामाला. धर्मराजनं दोघांनाही एवढंच सांगितलं, "मामाची वाट लागली, निघा." जास्त त्याला तरी कुठं माहीत होतं?

पण माणूस ज्या कामात असतो, त्याला तेच दिसतं. बद्रीनाथ कोर्टात वावरणारा. त्याला वाटलं, म्हाताऱ्याची जमीन गेली. संपत तापलेल्या लोखंडाशेजारी उभा राहणारा. त्याला वाटलं, काकांना अपघात झाला.

रविवार उजाडला. टेकडीच्या पायथ्याला, कडुनिंबाखाली सतरंजी अंथरली होती. पाटी खांबाला ठोकून तिच्यावर काकासाहेबांच्या घरची शाल पांघरली होती. पुंजाबाबा पहाटेच उठून रोपांना पाणी घालून आलेले. त्यांना काकासाहेबांनी जबरदस्तीनं नवं पांढरं धोतर, पांढरा सदरा घालायला लावला आणि खुर्चीवर बसवलं. समोर नारळ ठेवला, उदबत्ती लावली.

"हार नीट बसतो का बघू द्या," म्हणत त्यांनी झेंडूचा भला मोठा हारही घालून ठेवला आणि ते भाषण पाठ करायला झाडाआड गेले.

सावली गार, पहाटेची मेहनत. पुंजाबाबांचा डोळा लागला. मान एका खांद्यावर कलली.

नेमका तेव्हाच पिंपळगावचा टेम्पो येऊन थांबला.

धर्मराजच्या आधी सगुणाबाई उतरली. तिनं पाहिलं. पांढरे कपडे, गळ्यात हार, समोर उदबत्ती, कललेली मान.

"बाबा वोऽऽ! मला सोडून कुठं गेलात वोऽऽ!"

तिचा सूर इतका वरचा होता की झाडावरचे पोपट उडाले. तिच्या मागं तिची सासू, जाऊ, शेजारच्या दोघीतिघी, सगळ्यांनी सूर धरला. पुंजाबाबा दचकून जागे झाले. समोर तीन वर्षांनी लेक, आणि ती हंबरडा फोडून रडतेय. त्यांना वाटलं, लेकीच्या घरी कोणी गेलं. त्यांनीही गळा काढला, "कोण गेलं गं सगुणे? कोण गेलं?"

"तुम्हीच की वो बाबाऽऽ!"

"मी? मी कुठं गेलो? मी हितंच हाय की!"

एवढ्यात एक फटफटी धुरळा उडवत आली. बद्रीनाथ आणि त्याच्या मागं काळ्या कोटातले वकील. वकील उतरले ते थेट पुंजाबाबांपाशी.

"आजोबा, घाबरायचं नाही. आधी सांगा, अंगठा कुठं दिला?"

पुंजाबाबांनी दोन्ही हात पुढं केले. "कुठंच न्हाई दिला. हे बघा, दोन्ही हैत."

तोवर जालन्याचा टेम्पो आला. त्यात बाज, बाजेवर गादी, आणि गादीवर सलाईनची बाटली उंच धरून बसलेला कंपाउंडर. संपत उडी मारून खाली आला. "काकाला हलवू नका! आडवं करा!" आणि पुंजाबाबा नको नको म्हणेपर्यंत दोघांनी त्यांना हारासकट बाजेवर आडवं केलंसुद्धा.

झाडाआडून काकासाहेब आले ते भाषणाचा कागद हातात घेऊन. एवढी गर्दी पाहून आधी त्यांना आनंद झाला. मग आठवलं की जेवण पंधरा माणसांचं सांगितलंय. त्यांना घाम फुटला. कंपाउंडरनं पुंजाबाबांची नाडी पाहिली आणि म्हणाला, "हे ठणठणीत हैत." मग काकासाहेबांकडं बघून म्हणाला, "यांना बसवा जरा."

"पण झालंय काय?" धर्मराज ओरडला. "वाट लागली, वाट लागली, तर ती लागली कुठं?"

बेबीनंदा खांबापाशी उभी होती. 'वाट लागली' या दोन शब्दांकडं तिनं एकाच बाजूनं पाहिलं होतं. दुसरी बाजू तिला आत्ता दिसली. पळून जावंसं वाटलं. पण बाजेवरून पुंजाबाबा तिच्याकडंच पाहत होते. तिनं हात वर केला आणि शाल ओढली.

"ही बघा. हितं लागली."

निळ्या, वळणदार अक्षरांत लिहिलेलं होतं. धर्मराजनं बोट ठेवून वाचलं, "पुंजाराम... वाट." मग तो कमरोद्दीनचाचांकडं वळला. "ही लागली व्हय?"

"हां," चाचा म्हणाले. "बराबर लागली. चार खिळे ठोकलेत."

कोणी हसलं नाही. धर्मराजचा चेहरा लालबुंद झाला. "थट्टा लावली काय? रातभर डोळ्याला डोळा न्हाई आमच्या! चल गं सगुणे!" तो टेम्पोकडं वळला. सगुणाबाई बापाकडं एकदा, नवऱ्याकडं एकदा पाहत जागेवरच थांबली. बेबीनंदाला वाटलं, संपलं. आता हे गेले ते कायमचेच.

पुंजाबाबा बाजेवर उठून बसले. हार सरळ केला.

"जावईबापू," ते शांतपणे म्हणाले, "तुमीच म्हणलं होतं ना, झाडांपायी वाट लागंल तव्हाच बोलवा? लागली. झाडांपायीच लागली. मंग बोलवायला नको?"

धर्मराज थांबला. त्याची पाठ सगळ्यांकडं होती. ती पाठ आधी थोडी हलली, मग जास्त हलली. लोकांना वाटलं रडतोय. तो वळला तेव्हा हसता हसता त्याच्या डोळ्यांतून पाणी येत होतं.

"मामा," तो म्हणाला, "कोंडवाड्यात बैल घातले तव्हा तुमाला जिंकू दिलं. आज परत जिंकलात."

मग काय विचारता! सगळी टेकडी हसली. वकीलसाहेबांनी नारळ फोडला. बाज, गादी आणि बाटली टेम्पोत परत गेली. झुंबरबाईंनी वरणात पाणी घातलं, चुलीवर भाताचं दुसरं पातेलं चढवलं आणि पंधरांच्या जेवणात साठ माणसं बसवली. काकासाहेबांचं भाषण कोणीच नीट ऐकलं नाही, पण टाळ्या इतक्या पडल्या की त्यांनी ते दोनदा केलं.

वाटेवरून पहिलं कोणी जायचं? पुंजाबाबांनी जावयालाच पुढं घातलं. मागं लेक, तिच्या हाताला धरून ते स्वतः. वर पोहोचल्यावर धर्मराज एका शिसवापाशी थांबला. झाड त्याच्यापेक्षा उंच होतं, पण बुंध्याजवळ वाकडं.

"हे आमच्या बैलांनी खाल्लेलं का वो?"

"व्हय. पुन्हा फुटलं."

"पुढल्या खेपेला बैल घेऊन येऊ का?"

"आणा की," पुंजाबाबा म्हणाले. "कोंडवाडा हाय तिथंच हाय."

संध्याकाळी पाहुणे निघाले. बेबीनंदा रिकामी पातेली झुंबरबाईंच्या घरी पोचवायला गेली. आजी चुलीपुढं एकट्याच बसल्या होत्या. त्यांचा भिवा संपतच्याच मिलमध्ये कामाला होता. दोन दिवाळ्या झाल्या, त्याला गावाकडं यायला सवड मिळाली नव्हती.

"पुढच्या रविवारी तुमची पाटी, आजी," बेबीनंदा म्हणाली. "भिवाकाकाला निरोप धाडू ना?"

"धाडलाय की. कामं हैत म्हणतो." झुंबरबाईंनी विस्तवावरची राख सारखी केली. मग इकडंतिकडं बघून हळूच विचारलं, "का गं बाय, तो पुंजारामचा निरोप... तो नेमका कसा होता?"

बेबीनंदानं पातेली तिथंच ठेवली आणि धूम ठोकली. संपतचा टेम्पो वेशीपाशी सुरू होत होता. ती चाकावर पाय देऊन वर चढली, खिडकीशी तोंड नेलं आणि एकेक शब्द नीट उच्चारत म्हणाली, "भिवाकाकाला सांगा, तुमच्या आईची वाट लागून राह्यली. जल्दी या!"

संपतनं तिच्याकडं पाहिलं, मिशीत हसला आणि मान हलवली. बेबीनंदा खाली उतरली. खोटं बोलायचं नाही हे तिला पक्कं ठाऊक होतं. म्हणून टेम्पोनं घर्रर्र करून गियर बदलेपर्यंत ती थांबली, आणि मग अगदी हळू आवाजात उरलेला निरोप पुरा केला:

"पुढच्या रविवारी."