पोपटांस शिकविलेल्या वाक्याची हकीकत

श्रीवाग्देवता प्रसन्न. तिने शब्द दिधला, तिचाच तो आहे, हे स्मरोन लेखणी धरिली. धाकट्या सरकारांनी पुसिले की, आपले न्यायसभेत वकील तोंड उघडतात तो लोक हसो लागतात, हे कैसे जाहले, ते लिहोन देणे. त्यास सेवकाने जे पाहिले आणि जे पहाटेच्या स्वप्नासारखे आठवते, ते येणेप्रमाणे. राज्यारंभाचे एकेचाळिसावे वर्ष, विकारी नाम संवत्सर, तळे काठोकाठ भरलेले, आणि शहरात सकाळचे धुके दुपारपर्यंत रेंगाळत असे. त्या काळी वकील मंडळी न्यायसभेच्या ओट्यावर रस्त्याकडे पाठ करून बसत. कोणी कोणास हाक मारू नये, नावाची पाटी लावू नये, ऐसा रिवाज होता. ज्यास गरज पडे तो मागून येऊन खांद्यास हात लावी, मग वकील वळोन त्याचे तोंड पाही. आणि दुसरा रिवाज ऐसा की, पुरावा दोहीकडे सारखा ठरला तर वकिलाने पक्षकाराच्या खांद्यावर हात ठेवून "हा माणूस निर्दोष आहे" इतुकेच बोलावे, आणि न्यायाधीशांनी ते मानावे. मनास पटल्यावाचून ते कोणी बोलत नसे. कित्येक थोर वकील ते वाक्य न उच्चारताच म्हातारे जाहले. ज्या दिवशी कोणी उच्चारी, त्या दिवशी बाजारातदेखील माणसे हळू बोलत.

त्या ओट्यावर सोनोपंत म्हणोन एक वकील होते. बुद्धी तल्लख, वाणी गोड, परंतु खांदा कोरडा. कोणी शिवेना. त्यात शेजारच्या जिवाजीपंतांनी आपले नाव लिहिलेले पतंग आकाशात सोडिले, आणि लोक माना वर करून थेट त्यांच्या दारी जाऊ लागले. सोनोपंतांच्या पोटात दुखो लागले. मग त्यांनी पिंजराभर पोपट आणिले आणि पडवीत बसोन त्यांस आपले नाव शिकवू लागले. पोपटांस ते नाव काही रुचेना. मग एके सकाळी, धुके घरात आलेले असता, सोनोपंतांच्या तोंडून ते वाक्य सहज निघाले आणि पोपटांनी ते लागलेच उचलिले. महादोबा म्हणोन वृद्ध वकील होते, ते काठी टेकीत आले आणि म्हणाले, "पंत, हे वाक्य तुमच्या एकट्याचे नाही. आम्ही सर्वांनी ते राखिले आहे." सोनोपंत हसोन म्हणाले, "आजोबा, राखून राखून त्यास बुरशी यायची." आणि पिंजऱ्याचे दार उघडिले.

मग शहर हिरवे जाहले. कौलावर पोपट, देवळाच्या कळसावर पोपट, न्यायसभेच्या आढ्यावर पोपट. कोबी खाऊन पळालेल्या शेळीस ते निर्दोष म्हणत, खिसे कापणाऱ्यास म्हणत, रुसोन बसलेल्या जावयासही म्हणत. पोपट कोणाचे हे सर्वांस ठाऊक, म्हणोन लोकांनी सोनोपंतांस डोक्यावर घेतले. खांद्यास इतुके हात लागले की उपरणे तेथेच विरले. पंतांच्या घरी माडी चढली, आणि रात्री निजता निजताही बाहेरून आपलेच वाक्य ऐकोन त्यांस गोड झोप लागे.

आणि त्याच श्रावणात तळ्याचे पाणी अडविणारी मोरी उघडली. महाराजांची कमळबाग वाहोन गेली, आणि सकाळी लोक उठोन पाहतात तो प्रत्येकाच्या उंबऱ्याशी एक एक कमळ तरंगत आहे. ऐसी सुंदर सकाळ सेवकाने पुन्हा पाहिली नाही. बागेच्या कारभाऱ्यांनी आळ घेतला की पाटकरी रखमाजी, ज्याजकडे मोरी राखण्याचे काम, त्यानेच ती उघडिली. रखमाजी म्हणे, मोरीची फळी जुनी होती, आपसूक सुटली. फळी तर पाण्याबरोबर गेली, पाहणारा कोणी नाही. दोष ठरता राज्य सोडोन जावे लागणार. रखमाजीची बायको तळ्याकाठीच मातीआड होती, त्याने तेथे चाफा लाविला होता आणि रोज पाणी घालीत असे. त्यास दुसरे कशाचे भय नव्हते, चाफ्यास पाणी कोण घालील इतुकेच होते. त्याने येऊन सोनोपंतांच्या खांद्यास हात लाविला. पंतांनी त्यास समोर बसवोन नाना परींनी पुसिले, उलटे पुसिले, सुलटे पुसिले, आणि जन्मात प्रथमच त्यांची खातरी जाहली की हा खरे बोलतो.

न्यायसभा भरली. पुरावा सारखा ठरला. सोनोपंत उठिले, रखमाजीच्या खांद्यावर हात ठेविला आणि बोलिले, "हा माणूस निर्दोष आहे." मग आढ्यावरून एक पोपट तेच बोलिला, मग दुसरा, मग सगळे, आणि सभा पोट धरोन हसली. न्यायाधीश मात्र हसले नाहीत. ते म्हणाले, "पंत, आज सकाळी आमच्या अंगणात हेच शेळीविषयी ऐकिले. यांतील कोणते मानावे?" पंत आढ्याकडे पाहो लागले. मग न्यायाधीशांनी खाली मान घालोन रखमाजीस राज्य सोडण्याचा हुकूम दिधला.

सोनोपंत रखमाजीस पोहोचवावयास वेशीपर्यंत चालत गेले. वेशीशी रखमाजी थांबोन म्हणाला, "पंत, एकदा मजपाशी म्हणा. येथे पोपट नाहीत." पंतांनी त्याच्या खांद्यावर हात ठेविला आणि म्हणाले. परंतु त्यांच्या तोंडून ते पोपटाच्याच चालीवर निघाले, तोच हेल, तीच घाई. पुन्हा म्हणाले, पुन्हा तैसेच. रखमाजीने त्यांचा हात खांद्यावरून हळूच काढिला, म्हणाला, "राहू द्या. चाफ्यास पाणी तेवढे घाला," आणि धुक्यात गेला.

तात्पर्य हे की, आता वकील मंडळी रस्त्याकडे तोंड करून बसतात, पतंग आहेत, पोपट आहेत, आणि ते वाक्य न्यायसभेत कोणी बोलत नाही. सोनोपंतांनी माडी विकली. ते तळ्याकाठी पाणी घालीत असतात. चाफा थोर जाहला आहे, आणि त्यावर पोपट बसतात. धाकट्या सरकारांस कळावे म्हणोन लिहिले.