ऑर्किडची कळी कुणी गाळली?

"जिथे पोलिसांची नजर संपते, तिथे माझा नंबर लागतो," असं भाऊजी स्वतःबद्दल सांगत. त्यांचं चष्म्याचं दुकान असल्यामुळे हा नंबर नेमका कोणता, हे ऐकणाऱ्याला कळत नसे. त्यांच्या कार्डाच्या एका बाजूला 'चष्मे बनवून मिळतील' आणि दुसऱ्या बाजूला 'रहस्ये उलगडून मिळतील' असं छापलेलं होतं. पहिल्या बाजूवर घर चालत होतं, दुसऱ्या बाजूवर भाऊजी.

त्यांचा मेहुणा त्याच दुकानात फ्रेमचे स्क्रू आवळायचा आणि बहिणीच्या घरीच राहायचा. त्यामुळे 'सहायक' हे पद त्याने स्वीकारलं असं काही नव्हतं. ते त्याच्या पगारातच धरलेलं होतं.

त्याची ताई दातांच्या दवाखान्यात कामाला होती. तिथल्या डॉक्टरांनी "मेलंय ते" म्हणून कचऱ्यात टाकलेलं ऑर्किड तिने दोन वर्षांपूर्वी घरी आणलं होतं. सुरकुतलेली दोन पानं, एवढाच काय तो संसार. तिने कुजलेली मुळं कापली, झाडाच्या सालीच्या तुकड्यांत ते पुन्हा लावलं आणि कोवळ्या उन्हाच्या खिडकीत ठेवलं. मुळं रुपेरी दिसली की पाणी, हिरवी दिसली की हात मागे. यंदा दांडा आला, दांड्यावर सहा कळ्या धरल्या. फुलल्यावर कुंडी उचलून थेट डॉक्टरांच्या टेबलावर ठेवायची, असं तिने ठरवलं होतं. कुणाला खोटं पाडायची संधी तिला आयुष्यात फारशी मिळाली नव्हती.

आणि एका सकाळी दोन कळ्या पिवळ्या पडून कट्ट्यावर गळलेल्या दिसल्या. ताईचा चेहरा पडला. ऑर्किडची कळी गळाली आणि भाऊजींची कळी खुलली.

"घातपात!" भिंग काढत ते म्हणाले. "इथे नक्की पाणी मुरतंय."

"मुरत असेल तर लवकर सांगा," ताई घाबरून म्हणाली, "मुळं कुजतील."

पहिला संशय शेजारच्या काकूंच्या मांजरावर गेला. कट्ट्यावर केस सापडला होता. भाऊजींनी तो कागदात गुंडाळला, उजेडात धरला आणि "पांढरा, आखूड, वयस्कर" असा निष्कर्ष काढला. मांजर काळं होतं. केस भाऊजींचा होता. मेहुण्याने हे सांगितलं नाही. महिनाअखेर जवळ होती.

त्याच खिडकीच्या पडद्यामागे चिनी मातीची एक रिकामी दिसणारी कुंडी होती. मेहुणा तिच्यात डोकावायला वाकला, तसे भाऊजी आडवे आले. "तिकडचा तपास मी स्वतः केलाय. पुढे चल."

पुढचा संशयित म्हणजे खुद्द डॉक्टर.

"हेतू बघ," भाऊजी म्हणाले. "त्याने मेलं म्हणून सांगितलेलं झाड फुललं, तर उद्या त्याने काढलेले दात लोक परत मागतील!"

दोघे दवाखान्यात गेले. डॉक्टरांनी भाऊजींना खुर्चीत बसवलं आणि तोंड उघडायला सांगितलं. मग प्रश्न डॉक्टरच विचारत गेले आणि भाऊजी "आँ, आँ" करत राहिले. जबानी घ्यायला गेलेला माणूस दाढेत सिमेंट भरून परतला.

"काय कळलं?" मेहुण्याने रस्त्यात विचारलं.

"अर्धा तास काही चावायचं नाही."

घरी आले तर आणखी दोन कळ्या गळाल्या होत्या. खिडकीपाशी बसून ताई उरलेल्या दोन कळ्यांकडे पाहत राहिली. भाऊजींनी आवाज खाली आणला, पण तपास सोडला नाही.

"बाहेरचा कुणी नाही, म्हणजे घरभेदी," त्यांनी मेहुण्याकडे रोखून पाहिलं. "काल सकाळी तू कुठे होतास?"

"तुमच्या शेजारी. दुकानात."

"हं. म्हणजे आधीच तयारी करून ठेवली होतीस तर!"

त्याच आठवड्यात आई लेकीकडे राहायला आली होती. तिला नीट दिसत नसे. चष्मा जावयाने बनवून दिलेला होता. त्यामुळे सगळी भिस्त नाकावर. खिडकीपाशी येताच ती थबकली.

"अगं, इथे काय पिकत घातलंयस?"

तिने पडदा सारला आणि त्या रिकाम्या दिसणाऱ्या कुंडीत हात घातला. आतून काळी पडलेली केळी निघाली, त्यांच्या मागोमाग सफरचंदं.

"पिकल्या फळांशेजारी फुलं ठेवतं का कुणी?" आई म्हणाली. "कच्चं फळ ठेवलं तर पिकतं, कळी ठेवली तर गळते. फुलदाणी नि फळांची टोपली मी एका टेबलावर कधी ठेवू देते का?"

ताई सावकाश वळली. नवऱ्याचं वजन वाढलं म्हणून बिस्किटं बंद करून रोज सकाळी त्याच्या हातावर फळ ठेवणारी तीच होती. "खाल्लंत का?" म्हणून विचारणारीही तीच, आणि "खाल्लं" हे उत्तर ऐकून समाधान मानणारीही.

भाऊजींनी घसा खाकरला. "गुन्हेगार," ते म्हणाले, "अत्यंत बुद्धिमान असावा."

"आणि जाडा," मेहुणा म्हणाला. एवढं धाडस त्याने पहिल्यांदाच केलं.

ताई हसली नाही. "दोन वर्षं जपलं हो मी ते," एवढंच म्हणाली. भाऊजींनी भिंग खिशात घातलं, कुंडी उचलली आणि स्वतः खाली जाऊन फळं टाकून आले. परतल्यावर एकही सिद्धान्त मांडला नाही.

पाचवी कळीही गळाली. सहावी टिकली, फुगली आणि एका सकाळी उमलली. पांढरी, मधोमध जांभळट छटा असलेली. ताई एकाच फुलाचं ते झाड घेऊन दवाखान्यात गेली. डॉक्टरांनी फूल चारी बाजूंनी पाहिलं आणि विचारलं, "पानं कशी पुसता हो तुम्ही? माझ्या घरी आणखी एक आहे." ताई चार घरांना दिसेल अशा ऐटीत घरी आली.

संध्याकाळी भाऊजी फुलासमोर उभे राहिले, भिंगाशिवाय.

"सुंदर आहे गं," ते हळूच म्हणाले. "किती दिवस राहतं?"

"दोन-अडीच महिने सहज," ताई म्हणाली. "कुणी मदत केली नाही तर."