शंभर टक्के चार्ज

"बाबा, तुम्ही फक्त बसायचं! इंजिन नाही, डिझेल नाही, गिअर नाही. बिघडायला शिल्लक राहिलंय काय?" ग्रंथपाल आदल्या संध्याकाळी सासऱ्यांना छातीठोकपणे म्हणाले.

छाती ठोकली खरी, पण आत धाकधूक होती. ग्रंथालयाला कुलूप लावलं की तीनदा ओढून बघायचं आणि कोपऱ्यावरून परत येऊन चौथ्यांदा ओढायचं, असा हा माणूस! विजेवरची गाडी घेतल्यापासून ते कुलूप एकदाच ओढू लागले, कारण उरलेली सगळी काळजी गाडीला लागायची. मोबाइलवर ॲप उघडलं की गाडी किती टक्के चार्ज आहे ते कळायचं, आणि ते कळल्याशिवाय त्यांच्या घशाखाली घास उतरत नसे.

सासऱ्यांनी चौतीस वर्षं बस चालवलेली. "चालू आहे का बंद, हे विचारावं लागतं ती गाडी कसली!" असं त्यांचं स्पष्ट मत. मोतीबिंदू काढून घ्यायलाही ते दोन वर्षं तयार नव्हते. लेकीने रडून, भांडून, अबोला धरून एकदाचं कबूल करून घेतलं. ऑपरेशन सकाळी दहाला, ऐंशी किलोमीटर लांब. आज हुकलं तर हे पुन्हा बधायचे नाहीत, हे तिला आणि ग्रंथपालांना पक्कं ठाऊक होतं.

सकाळी सातला ग्रंथपालांनी गाडीच्या दाराला हात घातला. दार उघडेना. त्यांनी ॲप उघडलं. 'गाडीशी संपर्क होत नाही.'

"अहो, काल तर शंभर टक्के होती ना?" बायको म्हणाली.

"साडेपाचलासुद्धा शंभर होती!"

"साडेपाचला कशाला बघितलंत?"

"पाणी प्यायला उठलो होतो, म्हणून सहज."

रिमोटच्या पोटात लपवलेली किल्ली काढून त्यांनी कसंबसं दार उघडलं. आत स्टिअरिंगशेजारचा पडदा काळाठिक्कर. चार्जिंगची वायर गाडीला अशी घट्ट चिकटलेली, की ओढता ओढता ग्रंथपालच गाडीला टांगल्यासारखे दिसू लागले. शेजारचा शिंपी गळ्यात टेप घेऊनच धावत आला. "धक्का मारू या!" म्हणून त्याने बाह्या सरसावल्या. दोघांनी जीव खाऊन ढकललं. गाडी इंचभरही हलली नाही. शिंप्याच्या शर्टाची शिवण मात्र उसवली, तीही त्याच्याच हातची!

"आमची बस बंद पडली तरी धक्क्याने हलायची," पायरीवर पिशवी घेऊन बसलेले सासरे म्हणाले.

"अहो, माहितीपुस्तिका बघा ना! त्यात असेल काहीतरी," बायको म्हणाली.

ग्रंथपालांचा चेहरा पडला. पुस्तिका त्यांनी घरी येताच वाचली होती. तिला कव्हर घातलं होतं, स्वतः सूची करून जोडली होती, आणि पानं कोणी दुमडू नयेत म्हणून ग्रंथालयाच्या कपाटात ठेवली होती. वर शिक्का मारला होता, 'बाहेर नेण्यास मनाई'. कपाटाची किल्ली शिपायाकडे, आणि तो यायचा दहाला!

टॅक्सीवाला नऊशिवाय येईना. कंपनीच्या मदत केंद्राने मेकॅनिक पाठवतो म्हटलं, पण कधी ते सांगेना. घड्याळात साडेसात झाले, मग पावणेआठ. ग्रंथपालांना दरदरून घाम फुटला. आणि मग जे व्हायला नको तेच झालं. सासरे खाली वाकले आणि बुटाची नाडी सोडू लागले.

"जाऊ दे गं. पुढच्या वर्षी बघू."

"बाबा, बूट काढायचे नाहीत!" लेकीचा आवाज रडवेला झाला.

एक बूट निघाला. दुसऱ्याची नाडी सुटत होती, तेवढ्यात स्कूटरवरून मेकॅनिक बाई आल्या. त्यांनी बॉनेट उघडून आत एक छोटं यंत्र जोडलं, आणि मिनिटभरात गाडीचा पडदा उजळला. शंभर टक्के!

"मोठी बॅटरी ठणठणीत आहे. पण दारं, पडदा, कुलपं चालतात ती छोट्या बॅटरीवर. ती पार रिकामी झाली होती."

"पण कशाने?" ग्रंथपालांनी विचारलं.

"गाडी उभी असली की झोपते. तुम्ही ॲप उघडलं की उठते, उत्तर देते, परत झोपते. उठायला शक्ती लागते ती छोट्या बॅटरीची." त्यांनी ग्रंथपालांच्या फोनवर नोंद काढली. "काल संध्याकाळपासून हिला दोनशे अकरा वेळा उठवलंय!"

"छे! मी फार तर साठदा बघितलं असेल."

"तुम्ही चौसष्ट. पण तीन फोन जोडलेत."

बायकोने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "तुम्ही बघायला विसरलात तर, म्हणून मी अधूनमधून... एकोणीसदाच हो!"

मग सगळ्यांच्या माना पायरीकडे वळल्या. सासरे घाईघाईने बूट पायात घालत होते.

"बाबा, एकशे अठ्ठावीस वेळा?"

"निघण्याआधी डिझेल बघायची सवय आहे मला!" सासरे उखडले. मग आवाज खाली आला. "आकडा नीट दिसत नव्हता. शंभर आहे का दहा, कळेना. म्हणून परत परत उघडत होतो."

दहाला पाच कमी असताना ते दवाखान्यात पोचले. तिन्ही फोन बंद करून डिकीत टाकले होते. ऑपरेशन छान झालं.

दुसऱ्या दिवशी त्याच गाडीने पट्टी काढायला गेले. डॉक्टर म्हणाल्या, "आजोबा, काहीतरी वाचून दाखवा."

सासऱ्यांनी खिशातून फोन काढला, दोनदा बोट टेकवलं आणि खणखणीत आवाजात वाचलं, "अडुसष्ट टक्के!"

डॉक्टरांचं समाधान झालं. ग्रंथपालांचं झालं नाही. अडुसष्ट कसे? एकाहत्तर असायला हवेत! त्यांनी बायकोकडे पाठ केली आणि हळूच स्वतःचा फोन काढला. फक्त एकदाच, खात्री करून घ्यायला.