मास्तरांच्या हातची सुई

"सुई म्हणजे माझ्या हातचा मळ!" असं मास्तर म्हणाले, आणि तेही भर दवाखान्यात, डॉक्टरबाईंच्या तोंडावर!

मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत, टेलरमास्तर. कोटाच्या अस्तराला असा टाका घालायचे की अस्तरालासुद्धा पत्ता लागू नये. त्यांची बायको गाडी चालवायला शिकवायची, म्हणून सगळे तिला मास्तरीणबाई म्हणत. शिकाऊ माणसाने गाडी थेट भाजीच्या दुकानात घातली तरी ती शांतपणे म्हणे, "आता रिव्हर्स टाका."

लग्नाला बरीच वर्षं झाली, पण पाळणा काही हलेना. गोळ्या घेऊन झाल्या. त्या वेळी सगळ्या गोतावळ्याला बातमी लागली होती आणि दर महिन्याला फोन, "काय गं, काही विशेष?" विशेष काही नसायचंच. फोन ठेवून मास्तरीणबाई गॅलरीत जाऊन उभी राहायची, आणि मास्तर आत उगाच कात्रीला धार लावत बसायचे.

आता डॉक्टरबाईंनी हार्मोनची इंजेक्शनं लिहून दिली होती. रोज संध्याकाळी, पोटावर, पेनासारख्या यंत्राने.

"गोळ्यांनी बीजांडं वाढली नाहीत, याने वाढतील अशी आशा आहे. औषध फ्रीजमध्ये ठेवा. रोज इथे या, नाहीतर घरी टोचायला शिकून घ्या," बाई म्हणाल्या.

"टोचायचं माझ्यावर सोडा!" मास्तर छाती फुगवून म्हणाले.

परत येताना मास्तरीणबाई एवढंच म्हणाली, "अहो, या वेळी कुणाला कळता कामा नये हं. आईंनासुद्धा नाही."

"अगं, मेलो तरी तोंड उघडणार नाही!"

झालं! संध्याकाळ झाली. आई, म्हणजे मास्तरांच्या मातोश्री, आपल्या खोलीत रेडिओ ऐकत होत्या. मास्तरांनी हात धुतले, चष्मा पुसला, पेनाला सुई लावली. केसाएवढी सुई! मास्तरीणबाईने कुर्ता थोडा वर केला आणि म्हणाली, "हं, चालू द्या."

मास्तरांनी सुईकडे पाहिलं. मग पोटाकडे पाहिलं. मग पुन्हा सुईकडे. आजवर त्यांनी हजारो कपड्यांना टोचलं होतं, पण आत बायको असलेल्या कपड्याला कधी नाही! कपाळावर घाम आला, कानात भुंगे गुणगुणले आणि मास्तर कापडाच्या ताग्यासारखे आडवे झाले. जाता जाता इस्त्रीचं टेबलही सोबत घेऊन गेले!

त्या आवाजाने आई धावत आल्या. बघतात तर काय, मुलगा जमिनीवर, शेजारी इंजेक्शनचं पेन आणि सूनबाई त्याच्या तोंडावर पाणी मारतेय!

"अरे देवा! हे तर मावशीच्या नवऱ्याचं इन्सुलिनचं असतं तसलं पेन! तुला साखर झाली? आणि मला सांगितलं नाहीस?"

मास्तरीणबाईच्या चेहऱ्यावरचा रंगच उडाला. आता सांगावं लागणार, पुन्हा ते फोन! मास्तरांनी एक डोळा उघडून तो चेहरा पाहिला आणि पडल्यापडल्याच म्हणाले, "हो आई. साखर."

आई रडत फोनकडे वळल्या, तेवढ्यात मास्तरीणबाईने पेन उचललं, बाथरूममध्ये गेली आणि स्वतःच टोचून आली. कुठे हूं नाही की चूं नाही!

दुसऱ्या दिवसापासून मास्तरांचे हाल कुत्रा खाईना! घरातली साखर हद्दपार झाली. दुकानात गिऱ्हाइकं कोटाचं माप द्यायच्या आधी मास्तरांची प्रकृती विचारू लागली. शेजारच्या लाँड्रीवाल्याने कसल्याशा पाल्याचा हिरवा काढा आणला आणि तो संपेपर्यंत समोर कमरेवर हात ठेवून उभा राहिला. काढा असा कडू की मास्तरांची मिशी सरळ झाली!

शिवाय रोज संध्याकाळी नवंच नाटक. नवराबायको जोडीने बाथरूममध्ये जायचे. टोचून घ्यायची ती, आणि "आई गं!" असं ओरडायचे मास्तर, बाहेर ऐकू जावं म्हणून.

"अरे, तुझ्या इंजेक्शनला दोघं कशाला लागता?" आईंनी विचारलं.

"हिने हात धरल्याशिवाय धीर होत नाही, आई."

"बाई बाई! तुझे वडील मला ताप आला तरी माझ्याकडे बघायचे नाहीत!" आई म्हणाल्या, आणि त्यात थोडा हेवाही होता.

पण आईंना राहवेना. एका संध्याकाळी त्यांनी आपल्या बहिणीलाच बोलावून घेतलं. ही मावशी शाळेत पीटी शिकवून निवृत्त झालेली. नवऱ्याला वर्षानुवर्षं तिनेच टोचलेलं, आणि त्याची कधी हलायची प्राज्ञा झाली नव्हती!

"बाथरूममध्ये काय टोचता? हवेशीर जागेत टोचावं!" असं म्हणत मावशीने स्वतःच फ्रीज उघडला, पेन काढलं, सुई लावली. "शर्ट वर कर! पोट आत! श्वास सोड!"

"मावशी, अगं, ऐक तरी..."

"तोंड बंद!"

मास्तर सोफ्यामागे पळाले. आईंनी मागून दंड धरला. मास्तरांचा शर्ट वर गेला, मावशीने चिमटीत पोट पकडलं. मास्तर बायकोकडे बघत होते. नुसतं "हे माझं नाही" म्हटलं असतं तर सुटले असते. पण पठ्ठ्याने डोळे मिटले, दात आवळले आणि म्हणाले, "टोच, मावशी!"

"थांबा!"

कधी आवाज न चढवणारी मास्तरीणबाई अशी ओरडली की मावशीचा हात हवेतच राहिला.

"ते माझं आहे. मूल व्हावं म्हणून घेतेय. यांना काही झालेलं नाही. मीच म्हटलं होतं कुणाला सांगू नका... मला परत कुणी काही विचारलेलं नको होतं."

आईंनी मास्तरांचा दंड सोडला आणि सुनेजवळ जाऊन बसल्या.

"मीच विचारायचे ना सगळ्यात जास्त?" त्या हळूच म्हणाल्या.

आईंनी तिचा हात हातात घेतला. "आता नाही विचारणार. तुला सांगावंसं वाटलं तर सांग. आणि मावशीचं तोंड मी बघते."

"माझ्या तोंडाला काय झालंय?" मावशी फणकारली. मग डोळे पुसून म्हणाली, "चल गं पोरी, बस इथे. कळणारसुद्धा नाही." आणि खरंच कळलं नाही. मास्तरांना तेवढ्यापुरतं जिन्यात उभं केलं होतं.

मग सोनोग्राफीचा दिवस आला. मागच्या खेपांना पडद्यावर काहीच दिसलं नव्हतं, म्हणून मास्तरीणबाई छताकडेच बघत पडली होती. डॉक्टरबाई पडद्याकडे निरखून बघत राहिल्या आणि एकदम हसल्या. "औषध लागू पडलंय! हे बघा, तीन छान वाढतायत!"

मास्तरीणबाईने मान वळवली. पडद्यावर तीन काळे गोल. तिचे डोळे भरून आले. आणि मास्तर? पडद्याला नाक लागेल इतके जवळ गेले आणि गहिवरून म्हणाले, "अगं बघ, बघ! तो मधला अगदी माझ्यावर गेलाय!"

"मास्तर," डॉक्टरबाई चष्म्यावरून बघत म्हणाल्या, "या बीजांडांच्या पिशव्या आहेत. यात अजून तुमचा काडीचाही हात नाही!"